पोपखेरीज कोणालाही उत्तरदायी नाही: टेंपलर संघाची सनद आणि तिचे परिणाम

धागाकर्ता: मोडीवाचक

टेंपलर योद्ध्यांविषयी मराठीत जे काही फिरत असते त्यात गाडलेला खजिना, मरताना दिलेले शाप आणि गुप्त मंडळ्या यांचाच भरणा असतो. या धाग्यावर ती चर्चा नसावी, अशी सुरुवातीलाच विनंती करतो. माझा प्रश्न कायद्याचा आणि सत्तेचा आहे. जेरुसलेमच्या वाटेवर यात्रेकरूंना सोबत करणारी मूठभर शिलेदारांची मंडळी दोन पिढ्यांत एवढी बलाढ्य झाली ती कोणाच्या आधाराने, आणि १३ ऑक्टोबर १३०७ च्या पहाटे फ्रान्सच्या राजाने पाखंडाच्या आरोपावरून त्यांची देशभर धरपकड केली तेव्हा तो आधार कोठे गेला होता? माझ्या मते या दोन्ही प्रश्नांचे उत्तर १३०७ च्या आसपासच्या कोणत्या कटात नाही, तर त्याच्या सुमारे पावणेदोनशे वर्षे आधीच्या, म्हणजे २९ मार्च ११३९ च्या, पोपच्या एका सनदेत आहे.

आधी थोडी पूर्वपीठिका. पहिल्या धर्मयुद्धात १०९९ साली जेरुसलेम ख्रिस्ती सैन्याच्या हाती आले, परंतु किनाऱ्यापासून शहरापर्यंतचा रस्ता असुरक्षितच राहिला. सुमारे ११२० मध्ये ह्यूग द पायाँ आणि त्याच्या सोबत्यांनी जेरुसलेमच्या पेट्रिआर्कसमोर, म्हणजे तेथील सर्वोच्च धर्माधिकाऱ्यासमोर, दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन यांची व्रते घेतली. राजा दुसरा बाल्डविन याने त्यांना अल अक्सा मशिदीच्या वास्तूत जागा दिली. ती वास्तू म्हणजे सॉलोमनचे मंदिर, अशी तेव्हा फ्रँक लोकांची समजूत होती आणि त्यावरूनच संघाला नाव मिळाले. पुढच्या सगळ्या भांडणांचे मूळ असलेली एक बाब येथे लक्षात ठेवावी लागते: या मंडळींचा पहिला वरिष्ठ रोममधला पोप नव्हता, तो जेरुसलेममधला पेट्रिआर्क होता.

जानेवारी ११२९ मध्ये फ्रान्समधील त्र्वा येथे भरलेल्या धर्मपरिषदेत त्यांना लेखी नियमावली मिळाली. पोपचा प्रतिनिधी तेथे उपस्थित होता आणि क्लेअरव्होचा मठाधिपती बर्नार्ड याचे वजन संघाच्या पारड्यात पडले होते. ही नियमावली वाचली की या प्रयोगातला पेच उघड होतो. एकीकडे जेवताना मौन, पठण ऐकत जेवणे, भांड्यांच्या टंचाईमुळे दोघांनी एका पात्रात जेवणे, प्रत्यक्ष आईचेही चुंबन न घेणे असे कडक मठवासी नियम आहेत; दुसरीकडे प्रत्येक शिलेदाराने तीन घोडे बाळगावेत असे स्पष्ट लिहिले आहे. शिकारीला बंदी आहे, पण सिंह अपवाद. बहुतेक शिलेदारांना लॅटिन येत नसल्याने, प्रार्थनेला हजर राहता आले नाही तर पहाटेच्या प्रार्थनेऐवजी 'आमच्या स्वर्गातील पित्या' ही प्रार्थना तेरा वेळा म्हणावी, अशी सोय करून ठेवली आहे. चर्चच्या कायद्यानुसार पुरोहिताला रक्त सांडता येत नाही, आणि तलवार चालवणारा संसारी माणूस मठवासी होत नाही. त्यावर काढलेला तोडगा असा, की हे शिलेदार व्रतस्थ राहतील, पण त्यांना पुरोहितदीक्षा दिली जाणार नाही. ते ना पुरते पुरोहित होते, ना पुरते संसारी.

अशा माणसांवर अधिकार कोणाचा? ११३९ साली पोप दुसरा इनोसंट याने या प्रश्नाचे उत्तर दिले. त्याच्या सनदेप्रमाणे संघ थेट पोपच्या संरक्षणाखाली आला. युद्धात मिळालेली लूट संघाने स्वतःकडे ठेवावी. आपला प्रमुख शिलेदारांनीच निवडावा. कोणत्याही धर्माधिकाऱ्याने किंवा सरदाराने त्यांच्याकडून निष्ठेची शपथ मागू नये. त्यांनी स्वतःचे पुरोहित नेमावेत आणि त्या पुरोहितांवर स्थानिक बिशपचा हुकूम चालू नये. दशांश कर त्यांनी देऊ नये, उलट बिशपच्या संमतीने तो घ्यावा. पुढे ११४४ आणि ११४५ मध्ये आणखी दोन पोपांनी यात भर घातली. त्यातली एक सवलत मला विशेष बोलकी वाटते. एखाद्या गावावर चर्चने धर्मविधींची बंदी घातली असेल, तरी टेंपलरांचे देणगी गोळा करणारे बंधू वर्षातून एकदा तेथे आले की चर्च उघडून विधी करता येत असत. बिशपने शिक्षा म्हणून लावलेले कुलूप या मंडळींसाठी निघत होते, मग लोक त्यांना देणगी का देणार नाहीत?

इनोसंटने हे सगळे धर्मयुद्धाच्या कळकळीपोटी केले असे सांगितले जाते. मला ते अर्धेच पटते. ११३० पासून ११३८ पर्यंत रोममध्ये दोन पोप होते. इनोसंटला त्या काळातला बराच वेळ रोमबाहेर काढावा लागला आणि त्याच्या बाजूने युरोपभर सर्वाधिक खटपट केली ती बर्नार्डने. बर्नार्डच्या लाडक्या संघाला नंतरच्याच वर्षी एवढी मोठी सनद मिळावी, यात उपकाराची फेड नसेलच असे मी म्हणणार नाही. शिवाय कोणत्याही राजाला बांधील नसलेले खडे सैन्य आपल्या एकट्याच्या नावाने उभे राहते आहे, हे कोणत्या पोपला नको असेल?

याचा पहिला फटका स्थानिक चर्चला बसला. टायरचा आर्चबिशप विल्यम आपल्या इतिहासात तक्रार करतो, की आरंभी नम्र असलेल्या टेंपलरांनी ज्या पेट्रिआर्ककडून संघाची स्थापना आणि पहिली दाने स्वीकारली त्याचेच आज्ञापालन सोडले आणि चर्चचा दशांश बळकावला. विल्यम हा फिर्यादी पक्षातला माणूस आहे हे ध्यानात ठेवूनच त्याला वाचावे लागते, तरी त्याने हॉस्पिटलर या दुसऱ्या संघाविषयी दिलेला प्रसंग विसरता येत नाही. ११५५ च्या सुमारास पेट्रिआर्क फुल्चर पवित्र कबरीच्या चर्चमध्ये प्रवचनाला उभा राहिला, की समोरच्या इमारतीत हॉस्पिटलर आपल्या घंटा एवढ्या जोराने बडवत की त्याचे शब्द कोणाला ऐकू जात नसत. पुढे त्यांनी चर्चवर बाणही सोडले. ते बाण गोळा करून, मोळी बांधून कॅल्व्हरीच्या, म्हणजे ख्रिस्ताला क्रूसावर दिले त्या, जागेसमोर टांगले होते आणि आपण ते पाहिले आहेत, असे विल्यम लिहितो. वृद्ध पेट्रिआर्क समुद्र ओलांडून पोप चौथा एड्रियन याच्याकडे दाद मागायला गेला आणि हात हलवत परत आला. पोपने आपली सनद मागे घेतली नाही.

११७९ च्या तिसऱ्या लॅटरन परिषदेत या संघांच्या अतिरेकावर एक स्वतंत्र कलम झाले आणि १२०७ मध्ये खुद्द तिसऱ्या इनोसंटने टेंपलरांच्या उद्दामपणावर कडक पत्र लिहिले, पण सनदेचा गाभा कायम राहिला. परिणामी १३०७ साली संघाची स्थिती अशी होती, की त्याच्यावर एकाच माणसाचा अधिकार होता आणि म्हणून त्याच्या रक्षणाची जबाबदारीही त्या एकाच माणसाची होती. तो माणूस होता पोप पाचवा क्लेमंट: जन्माने गॅस्कनीचा, प्रकृतीने दुखणाईत, रोमला कधीही न गेलेला आणि फ्रान्सच्या राजाच्या हाकेच्या अंतरावर राहणारा.

यावर सभासदांची मते वाचायला आवडतील.

पाटीपेन्सिल

लेख मुद्देसूद आहे, परंतु मूळ सिद्धांताला माझी हरकत आहे. बिशपच्या अधिकारातून सुटका आणि थेट रोमचे संरक्षण ही टेंपलरांची खासियत नव्हती. ९१० साली फ्रान्समध्ये स्थापन झालेला क्लूनीचा मठ पहिल्यापासून रोमच्या नावाने उभा होता, आणि बिशपांच्या अधिकारातून मोकळे झालेले मठ त्यानंतर कितीतरी होते. त्यांच्यापैकी कोणाला कोणी जाळले नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हॉस्पिटलर संघाला १११३ मध्येच पोप दुसरा पास्कल याची सनद मिळाली होती आणि पुढे त्यांचे विशेषाधिकार टेंपलरांच्या तोडीचे झाले. घंटा बडवणारे आणि बाण सोडणारे तेच होते, हे आपणच लिहिले आहे. तरीही ते तरले. तेव्हा सनद हे कारण मानले, तर एकच कारण दोन ठिकाणी उलट परिणाम देते असे होईल.

खरे कारण १२९१ मध्ये शोधायला हवे. त्या वर्षी आक्र, म्हणजे पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावरचे ख्रिस्ती राज्याचे शेवटचे मोठे शहर, पडले, टेंपलरांचा प्रमुख गियोम द बोझ्यो लढताना मारला गेला आणि सीरियाच्या किनाऱ्यावरचे उरलेले किल्लेही सोडावे लागले. ज्या कामासाठी संघ होता ते काम संपले. हॉस्पिटलरांनी १३०६ पासून ऱ्होड्स बेट घेण्याची मोहीम हाती घेतली आणि १३१० च्या सुमारास ते तेथे स्थिरावले. टेंपलर सायप्रसमध्ये बसून नव्या धर्मयुद्धाची वाट पाहत राहिले. फ्रान्समध्ये त्यांच्याकडे उरले ते मळे, गिरण्या, द्राक्षबागा आणि पॅरिसमधला खजिना. आणि खजिना असलेल्या निरुद्योगी माणसाकडे कर्जबाजारी राजाचे लक्ष जाणारच.

मोडीवाचक

पाटीपेन्सिल, ऱ्होड्सचा मुद्दा मला मान्य आहे, पण त्यातून माझेच म्हणणे बळकट होते असे वाटते. ऱ्होड्समुळे हॉस्पिटलरांना पोपच्या संरक्षणाखेरीज दुसरे एक संरक्षण मिळाले: स्वतःची जमीन, तट आणि गलबते. टेंपलरांकडे कागद होता, पण तो कागद राबवणारा हात नव्हता. क्लूनीच्या भिक्षूंची गोष्ट वेगळी, कारण त्यांच्या मठांची मुळे स्थानिक सरदार घराण्यांत रुजलेली होती.

यासाठी आजच्या स्पेनमधल्या अॅरागॉनचे उदाहरण पाहावे. तेथेही राजाने टेंपलरांना धरण्याचा हुकूम काढला, परंतु तेथे त्यांच्याकडे मिराव्हेत आणि मोन्सोन यांसारखे खरे किल्ले होते. त्यांनी दरवाजे लावून घेतले आणि महिनोन्महिने वेढे सोसले. शेवटी १३१२ मध्ये तारागोनाच्या प्रांतिक परिषदेने त्यांना निर्दोष ठरवले. फ्रान्समध्ये धरले गेलेले बहुतेक जण लढवय्ये नव्हतेच; शेती पाहणारे, गुरे राखणारे, हिशेब ठेवणारे वयस्कर बंधू होते आणि त्यांच्या ठाण्यांना साधी कुंपणे होती.

अर्धविराम

दोघांच्याही चर्चेत ट्यूटॉनिक संघ राहून गेला आहे. ११९० मध्ये आक्रच्या वेढ्यात जर्मन लोकांचे एक इस्पितळ म्हणून तो सुरू झाला, ११९८ मध्ये लष्करी झाला आणि पुढच्याच वर्षी तिसऱ्या इनोसंटने त्याला मान्यता दिली. म्हणजे सनद तीच. पण त्याचा प्रमुख हेर्मान फॉन साल्झा याने एक गोष्ट ओळखली होती: एकाच धन्याच्या भरवशावर राहू नये.

१२२७ मध्ये पोप नववा ग्रेगरी याने सम्राट दुसरा फ्रेडरिक याला धर्मबहिष्कृत केले, आणि त्याच अवस्थेत फ्रेडरिक १२२८ मध्ये आक्रला उतरला. टेंपलर आणि हॉस्पिटलर यांच्यापुढे पेच पडला, कारण बहिष्कृत माणसाचे हुकूम पाळायचे नाहीत हा पोपचा आदेश होता आणि सैन्य तर त्याचेच होते. शेवटी अशी तडजोड निघाली, की हुकूम सम्राटाच्या नावाने न देता देवाच्या आणि ख्रिस्ती जगाच्या नावाने द्यावेत! हेर्मान मात्र उघडपणे सम्राटासोबत राहिला आणि तरी पोपच्या दरबारातले आपले वजन त्याने जाऊ दिले नाही. १८ मार्च १२२९ रोजी फ्रेडरिकने जेरुसलेममध्ये मुकुट धारण केला तेव्हाही हेर्मान तेथे होता, आणि पुढे पोप व सम्राट यांच्यात समेट घडवण्यातही तोच होता. प्रशियातील प्रदेशासाठी त्याने सम्राटाकडून सनद घेतली आणि १२३४ मध्ये पोपकडूनही घेतली. मृत्यूही त्याने नेमका साधला म्हणायचा: २० मार्च १२३९, ज्या दिवशी ग्रेगरीने फ्रेडरिकला दुसऱ्यांदा बहिष्कृत केले.

टेंपलरांकडे असा मुत्सद्दी शेवटच्या काळात नव्हता. त्यांचा शेवटचा प्रमुख जाक द मोले प्रामाणिक होता, पण त्याची झेप बेताची होती. क्लेमंटने टेंपलर आणि हॉस्पिटलर हे दोन्ही संघ एकत्र करण्याबाबत मत विचारले, तेव्हा त्याने जे उत्तर पाठवले त्याचा आशय असा, की दोन संघांतली चुरस उपयोगी असते आणि जुने मोडून नवे करणे धोक्याचे असते. वेगळ्या वेळी हे शहाणपणाचे ठरले असते.

शंकासूर

माझा एक भाबडा प्रश्न आहे. दरवर्षी ऑक्टोबर महिन्यात समाजमाध्यमांवर एक मजकूर फिरतो, की 'व्हॅटिकनने सातशे वर्षांनी टेंपलरांना निर्दोष ठरवले'. हे खरे आहे काय? आणि पोपने त्यांना क्षमा केलेली होती, तर त्यांचा प्रमुख जाळला कसा गेला?

पाटीपेन्सिल

शंकासूर, तो मजकूर अर्धवट आहे. व्हॅटिकनच्या अभिलेखागारात बार्बारा फ्राले या इटालियन संशोधिकेला २००१ मध्ये एका चर्मपत्राचे महत्त्व लक्षात आले आणि २००७ मध्ये व्हॅटिकनने खटल्याच्या कागदपत्रांची प्रतिकृती-आवृत्ती काढली. त्यावरून बातम्या झाल्या. नव्याने निवाडा कोणी केलेला नाही.

मूळ प्रसंग ऑगस्ट १३०८ चा आहे. क्लेमंटने तीन कार्डिनल शिनोँच्या किल्ल्यात पाठवले. तेथे जाक द मोले आणि संघाचे इतर बडे अधिकारी राजाच्या कैदेत होते. कार्डिनलांनी त्यांच्या जबान्या घेतल्या, त्यांनी चुका कबूल केल्या, क्षमा मागितली आणि कार्डिनलांनी पोपच्या वतीने त्यांना पापमुक्त करून पुन्हा संस्कारांचा लाभ घेण्याची मुभा दिली. आता येथे बारकाईने पाहावे लागते. पापमुक्ती म्हणजे निर्दोष ठरवणे नव्हे. ती मिळवण्यासाठी आधी दोष कबूल करावा लागतो. त्यामुळे शिनोँच्या कागदाने त्या माणसांना चर्चच्या कुशीत परत घेतले, परंतु त्याच कागदाने त्यांची कबुलीही पक्की झाली. मार्च १३१४ मध्ये जन्मठेपेची शिक्षा ऐकवली जात असताना मोले आणि नॉर्मंडीचा प्रमुख जोफ्र्वा द शार्ने यांनी सर्वांसमक्ष कबुली मागे घेतली, तेव्हा ते 'पुन्हा पाखंडात पडलेले' ठरले आणि राजाने चर्चच्या निर्णयाची वाटही न पाहता त्यांना सीन नदीतल्या एका बेटावर जाळले.

मोडीवाचक

या संदर्भात माझ्या मूळ मुद्द्याला धरून एक प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. संघ जर केवळ पोपच्या अखत्यारीत होता, तर राजाने त्यांना धरले तरी कोणत्या अधिकाराने? याचे उत्तर वकिली हुशारीचा नमुना आहे. पाखंडाचा संशय असेल तर इन्क्विझिशनच्या, म्हणजे पाखंडाची चौकशी करणाऱ्या चर्चच्या न्यायखात्याच्या, अधिकाऱ्याला कोणावरही कारवाई करता येत होती आणि त्याला तो अधिकार पोपकडूनच मिळालेला असे. फ्रान्समधला हा अधिकारी, गियोम द पारी, राजा चौथा फिलिप याचा खासगी धर्मगुरूही होता. त्यामुळे राजाच्या हुकमात असे लिहिता आले, की आम्ही हे इन्क्विझिटरच्या विनंतीवरून करीत आहोत. पोपच्या सनदेच्या तटाला भगदाड पडले ते पोपनेच दिलेल्या दुसऱ्या अधिकाराने. या सर्वामागचा मेंदू गियोम द नोगारे, म्हणजे १३०३ मध्ये अनाग्नी येथे पोप आठवा बॉनिफेस याला पकडायला गेलेला तोच माणूस. बॉनिफेसवर मरणोत्तर खटला चालवा, हा फिलिपचा धोशा क्लेमंटच्या मानेवर टांगत्या तलवारीसारखा होता आणि १३११ च्या वसंतात राजाने तो सोडला. पुढच्याच वर्षी संघ बरखास्त झाला. दोन्हींचा लेखी सौदा झाला होता असे मी म्हणत नाही, पण असा क्रम योगायोगाने जुळला असे मानायलाही मन धजत नाही.

क्लेमंट अगदीच हातावर हात ठेवून बसला होता असेही नाही. फेब्रुवारी १३०८ मध्ये त्याने फ्रान्समधील इन्क्विझिटरांचे अधिकार स्थगित केले. मग त्या उन्हाळ्यात तडजोड म्हणून त्याने चौकशीचे दोन भाग केले: संपूर्ण संघाच्या दोषाची चौकशी पोपचा आयोग करील आणि एकेका बंधूची चौकशी त्या त्या प्रांतातले बिशप करतील. ही विभागणीच घातक ठरली. पोपच्या आयोगापुढे पॅरिसमध्ये १३१० च्या वसंतात जवळजवळ ६०० बंधू संघाचा बचाव करायला पुढे आले. त्यांच्यात बोलोन्याचा पिएत्रो हा कायदा जाणणारा पुरोहित होता आणि छळाखाली घेतलेली कबुली पुरावा कशी होईल, हा प्रश्न त्याने नेटाने मांडला. पॅरिस तेव्हा सांस या आर्चबिशपच्या प्रांतात मोडत असे आणि सांसच्या आर्चबिशपपदी थोड्याच काळापूर्वी बसवला गेला होता फिलिप द मारिन्यी, राजाच्या सर्वांत विश्वासू मंत्र्याचा भाऊ. त्याने आपली प्रांतिक परिषद बोलावली, कबुली मागे घेणारे ते पुन्हा पाखंडी झाले असा अर्थ लावला आणि १२ मे १३१० रोजी ५४ बंधूंना पॅरिसच्या वेशीबाहेर जाळले. आयोगाने विनवण्या केल्या, पण प्रत्येक बंधूवर अधिकार बिशपचा होता.

दुसऱ्या दिवशी एमरी द व्हिलिए-ल-द्युक नावाचा पन्नाशीचा एक बंधू आयोगापुढे आला. नोंद अशी आहे, की तो भीतीने पांढराफटक पडला होता आणि आपली छाती पिटत होता. संघावरचे आरोप खोटे आहेत असे तो शपथेवर म्हणाला. पण काल ५४ जणांना गाड्यांतून नेताना आपण पाहिले, आपल्यात तेवढे बळ नाही, आणि कोणी सांगितले तर आपण प्रत्यक्ष प्रभूला मारल्याचेही कबूल करू, असेही म्हणाला. हे आपल्या जबानीतले राजाच्या माणसांना सांगू नका, अशी त्याने आयोगाला गळ घातली. पिएत्रो त्यानंतर कोठडीतून नाहीसा झाला आणि बचाव कोसळला.

१३११ पासून आजच्या फ्रान्समधील व्हिएन येथे भरलेल्या धर्मपरिषदेत बहुसंख्य धर्मगुरूंचे मत असे पडले, की संघाला बचावाची संधी मिळालीच पाहिजे. मार्चमध्ये राजा लवाजम्यासह तेथे पोहोचला. २२ मार्च १३१२ च्या आज्ञापत्राने क्लेमंटने संघ रद्द केला, पण न्यायनिवाडा म्हणून नव्हे, तर आपल्या अधिकारातली व्यवस्था म्हणून. ३ एप्रिलला ते परिषदेत वाचले गेले तेव्हा शेजारी राजा बसला होता आणि परवानगीवाचून तोंड उघडणाऱ्याला बहिष्काराची तंबी होती. गुन्हा सिद्ध झाला असे त्या आज्ञापत्रात म्हटलेले नाही. ११३९ मध्ये एका पोपने कोणाचीही संमती न घेता जे दिले होते, ते १३१२ मध्ये दुसऱ्या पोपने तसेच परत घेतले. मालमत्ता हॉस्पिटलरांना मिळाली, यावरून राजाला सगळे साधले नाही हेही दिसते.

उत्तनकर

चर्चा फ्रान्सपुरतीच राहिली आहे, म्हणून थोडे पोर्तुगालविषयी लिहितो, कारण त्या धाग्याचे टोक आम्हा वसई-उत्तन-मुंबईच्या ख्रिस्ती लोकांच्या घरापर्यंत येते.

पोर्तुगालचे राजे दिनीश यांनी टेंपलरांची मालमत्ता हॉस्पिटलरांना द्यायला नकार दिला आणि पोप बाविसावे जॉन यांच्याशी दीर्घ वाटाघाटी करून मार्च १३१९ मध्ये 'ख्रिस्ताचा संघ' या नावाने नवा संघ मंजूर करून घेतला. जुन्या टेंपलरांची मालमत्ता आणि अनेक माणसे त्यात सामावली गेली. पुढे तोमार येथील टेंपलरांचा जुना किल्लाच त्याचे मुख्यालय झाला. मात्र या वेळी अटी बदललेल्या होत्या. संघाच्या प्रमुखाने राजाशी निष्ठेची शपथ घ्यायची होती आणि देखरेख अल्कोबासा येथील सिस्टर्शियन मठाधिपतींकडे होती.

१४२० मध्ये राजपुत्र हेन्री या संघाचे प्रशासक झाले आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या सफरींना संघाचा पैसा मिळू लागला. १४५६ मध्ये पोप तिसरे कॅलिक्स्टस यांनी आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून थेट 'इंडीज'पर्यंतच्या प्रदेशाचा धार्मिक अधिकार या संघाला दिला, म्हणजे वास्को द गामा कालिकतला येण्याच्या ४२ वर्षे आधी! १५१० मध्ये गोवा पोर्तुगीजांनी जिंकल्यावर तेथल्या पहिल्या चर्चवर कागदोपत्री अधिकार होता तो तोमारच्या व्हिकारचा, म्हणजे संघाच्या तेथील धर्माधिकाऱ्याचा. १५१४ मध्ये तो मदेरा बेटावरच्या फुन्शाल धर्मप्रांताकडे गेला आणि १५३४ मध्ये गोव्याचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. त्याच वर्षी गुजरातच्या सुलतानाने वसई पोर्तुगीजांना दिली. १५५१ मध्ये पोप तिसरे ज्युलियस यांनी संघाचे प्रमुखपद कायमचे पोर्तुगालच्या राजाकडे सोपवले. आमच्याकडच्या बिशपांची नावे लिस्बनहून सुचवली जात त्यामागे हा अधिकारही होता, आणि त्यालाच 'पाद्रुआदो' म्हणतात.

पुढे हा अधिकार रोमलाच जड गेला. १६२२ मध्ये पोपनी मिशन प्रदेशांसाठी 'प्रोपगांडा' हे खाते काढले, पण दिलेले अधिकार परत घेता येईनात. मुंबईत १७२० मध्ये इंग्रजांनी पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांना घालवून प्रोपगांडाच्या कार्मेलाईट धर्मगुरूंना आणले आणि पुढे एकाच शहरात दोन बिशपांची सत्ता सुरू झाली. कोणते चर्च गोव्याच्या महागुरुस्वामींचे (आर्चबिशपचे) आणि कोणते प्रोपगांडाचे, यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या. १८५३ मध्ये माहीमच्या सेंट मायकल चर्चचा ताबा जाऊ नये म्हणून बिशप हार्टमन आत ठाण मांडून बसले आणि बाहेरून लोकांनी घेराव घातला. हा दुहेरी कारभार १९२८ च्या करारापर्यंत चालला, आणि बिशपांची नावे सुचवण्याचा भारतातला पोर्तुगालचा हक्क १९५० मध्ये संपला. त्याच वर्षी व्हॅलेरियन ग्रेशियस हे मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले.

अर्धविराम

उत्तनकर, फारच मोलाची भर. स्पेनमध्येही हाच प्रकार झाला. कालात्राव्हा, सांतियागो आणि अल्कांतारा या तिन्ही संघांची प्रमुखपदे फर्डिनांड राजाने पंधराव्या शतकाच्या अखेरीस एकेक करून स्वतःकडे घेतली आणि १५२३ मध्ये पोप सहावा एड्रियन याने ती कायमची राजपदाला जोडून दिली. फिलिपला जे मिळवायला खटला आणि चिता लागल्या, ते आयबेरियातल्या राजांनी संघाच्या प्रमुखाच्या खुर्चीत स्वतः बसून मिळवले.

शंकासूर

मग पोर्तुगालचा तो 'ख्रिस्ताचा संघ' आज अस्तित्वात आहे काय?

उत्तनकर

आहे, पण मानचिन्हाच्या स्वरूपात, आणि एक नव्हे तर दोन. पोर्तुगालच्या प्रजासत्ताकात तो राष्ट्रीय सन्मान म्हणून दिला जातो आणि राष्ट्राध्यक्ष त्याचे प्रमुख असतात. व्हॅटिकनचे म्हणणे असे, की १३१९ च्या मंजुरीत असे सभासद नेमण्याचा हक्क पोपनाही होता. त्यामुळे पोपच्या सन्मानांमध्येही त्याच नावाचा एक सन्मान आहे आणि त्यांच्याकडे तो सर्वोच्च मानला जातो.